मेजर उकंडरावांचा दाखला

उकंडा सपकाळ पलटणीतून रोहिणखेडला परत आला तो सेहेचाळीस सालच्या माघ महिन्यात, आणि होळी येईपर्यंत त्याच्या बायकोला, गोजरबाईला, लढाई आणखी दोनेक वर्षं चालली असती तरी हरकत नव्हती असं वाटायला लागलं.

माणूस वाईट नव्हता. साडेसहा वर्षं तो खेचरांच्या कंपनीत नायक होता. इटलीच्या डोंगरांत खेचरांच्या पाठीवरून दारूगोळा, कांदे आणि पत्रांच्या थैल्या वर पोचवायच्या, हे त्याचं काम. एक ओरखडाही न येता तो घरी आला, येताना तिच्यासाठी एक आरसा आणि निळा रुमाल घेऊन आला. पण घर म्हणजे छावणी नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पहाटे पाचला उठून तो गोठ्यातल्या बैलांमध्ये पावलं मोजून सारखं अंतर पाडी. वाकळा विटेसारख्या चौकोनी घडी करून ठेवी. एके दिवशी त्याने चुलीजवळची सगळी मडकी उंचीप्रमाणे रांगेत उभी केली.

"मिठाचं मडकं कुठी गेलं?" गोजरबाईने विचारलं.

"दुसरी लाइन, डाव्या हातून तिसरं."

"सहा वर्सं ते माह्या हाताशी होतं. आता मीठ टाकाले मोजत बसू काय?"

या सहा वर्षांत अकरा एकर शेत तिने एकटीने केलं होतं. तिला शेतात मदतनीस नको होता, साहेब तर नकोच होता. म्हणून तिने त्याला बाहेरचं काम दिलं. मिरचीची चार पोती गाडीत घालून मलकापूरच्या बाजारात पाठवलं.

मलकापूरला अडत्याने पोत्यावर हात ठेवून सहज विचारलं, "कशी काय हाय मिरची?"

उकंड्याच्या टाचा आपोआप जुळल्या.

"पयलं-दुसरं पोतं ठीक हाय, साब! तिसऱ्यात देठ जास्त हाय. चवथं खालून भिजेल हाय. हे सांगू नोको असं बायकोनं सांगतलं होतं, साब!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारही पोती जशीच्या तशी परत आली. गोजरबाईने ती मोजून घेतली.

"म्या जे हाय ते सांगतलं," उकंडा म्हणाला.

"तेच तर. इकाचं असते तवा जे हाय ते कोनी सांगते काय?"

"मंग काय सांगतात?"

गोजरबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. मिरची कशी विकायची हे तिला येत होतं, पण ते कसं येतं हे सांगता येत नव्हतं.

"याची कुठी शाळा असंन तर जा बाप्पा तिथं," ती शेवटी म्हणाली.

तर अशी शाळा निघाली. गावच्या शाळेचे वामनराव मास्तर वर्तमानपत्र घेत, त्यात जाहिरात होती. खामगावला 'व्यापार शिक्षण मंदिर' नावाची नवी शाळा निघाली होती. एका वर्षाचा अभ्यासक्रम, आणि लढाईवरून परतलेल्यांना प्राधान्य. अर्जासोबत आधीच्या नोकरीचा दाखला हवा. 'मला व्यापार का शिकायचा आहे' यावर स्वतःच्या अक्षरात निबंध हवा, दोनशे शब्दांच्या आत. मग तोंडी मुलाखत.

उकंड्याला जाहिरात फार आवडली. व्यापाराचं त्याला अजून काही कळलं नव्हतं, पण हुकूम स्वच्छ होता.

दाखला त्याच्याजवळ होता. इटली सोडताना कंपनीच्या कारकुनाने एक मोहोरबंद लिफाफा त्याच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, "सांभाळून ठेव, अफसर मागेल तेव्हाच उघड." कोणत्याही अफसराने मागितला नव्हता, म्हणून त्याने तो उघडला नव्हता. आता वामनराव मास्तर अफसर धरायचे की नाही, यावर त्याने एक दिवस विचार केला. मास्तरांना पगार सरकारचा मिळतो, खुर्चीही सरकारी आहे, तेव्हा धरायला हरकत नाही असं ठरलं.

शाळेच्या ओट्यावर लिफाफा उघडला तेव्हा शेषराव पाटील आणि सात-आठ माणसं जमली होती. कागद इंग्रजीत होता. मास्तर बुलढाण्याला इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले होते आणि त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. गावात इंग्रजी म्हणजे फक्त तार येई. तार घेऊन येणाऱ्याचा चेहरा पाहिला की ती बऱ्या बातमीची की वाईट हे मास्तरांना कळे, आणि बाकीचं ते समजुतीने वाचत. आजवर त्यांचं इंग्रजी कुठे अडलं नव्हतं.

त्यांनी चष्मा लावला. पहिला शब्द वाचला आणि चष्मा काढून उकंड्याकडे पाहिलं.

"उकंडराव, नाव काय लिहिलंय माहीत आहे? मेजर!"

"कोन मेजर?"

"तुम्ही."

"मास्तर, मी नायक होतो. बाहीवर दोन फिती."

"नायक म्हणून गेलात. निघताना बढती दिली असेल. तुम्हाला सांगायचं राहून गेलं असेल, लढाईची गडबड."

पाटील जरा सरकून बसले आणि उकंड्याला जागा करून दिली. मास्तर पुढे वाचायला लागले.

"एज, नाइन. नऊ वर्षं नोकरी."

"साडेसा झाली, मास्तर."

"सरकारनं खूश होऊन नऊ धरली. कलर, ब्राउन. कलर म्हणजे निशाण. ब्राउन साहेबाच्या निशाणाखाली लढला. हाइट, थर्टीन हँड्स." इथे मास्तर थोडे थांबले. "तेरा हात. म्हणजे बघा, तेरा माणसांच्या उंचीचं काम करणारा. टीथ, साउंड. टीथ म्हणजे दात, साउंड म्हणजे आवाज. हुकूम असा देतो की ऐकणाऱ्याचे दात वाजतात."

"वा रे वा!" पाटील म्हणाले.

"आणि हे पाहा. मागून कोणी आला तर लाथ. म्हणजे पाठीमागून आलेल्या शत्रूला यांनी लाथेनं परतवलं."

सगळ्यांनी उकंड्याच्या पायांकडे पाहिलं. उकंडाही आपल्या पायांकडे पाहत होता. असं काही केल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण साडेसहा वर्षांत तो एक धडा पक्का शिकला होता, की कागदावर आहे ते झालेलंच असतं. दुसरं पान बारीक अक्षरात होतं. तो कायद्याचा मजकूर आहे असं सांगून मास्तरांनी ते उलटून ठेवलं.

दिवस मावळायच्या आत सगळ्या गावाला कळलं की उकंडा मेजर आहे. मशिदीपाशी बसणारे म्हातारे तो दिसला की उठून उभे राहू लागले. विहिरीवर बायका गोजरबाईला मेजरीणबाई म्हणून आधी पाणी काढू देऊ लागल्या.

"मेजर असो का लाटसाहेब असो," गोजरबाई म्हणाली, "म्हशीचं शेन कोन काढंन ते सांगा." पण तिने निळा रुमाल ट्रंकेतून बाहेर काढला, एवढं खरं.

मग निबंध. मास्तरांनी स्वतः चार रात्री जागून... नव्हे, चार दुपारी शाळा लवकर सोडून तो लिहिला. त्यात सरस्वती आणि लक्ष्मी यांचा संगम होता आणि सपकाळ घराण्यात सात पिढ्या व्यापार चालत आल्याचा उल्लेख होता. उकंड्याने तो लक्ष देऊन ऐकला.

"मास्तर, झ्याक हाय. पन हे माह्यं नाई. आमच्या सात पिढ्याइनं काईच इकलं नाई."

"अहो, लिहायचं असतं तसं!"

"मले तसं लिहिता आलं असतं तर मी शाळेत काऊन गेलो असतो?"

उकंड्याने ओट्यावर मांडी घालून स्वतःच निबंध लिहिला. तो असा: 'मला माल विकता येत नाही. विकताना खरं बोलून जातो. तुमच्या शाळेत ते बंद करता येत असेल तर भरती करावे. हुकुमाची वाट पाहत आहे.'

त्याने शब्द मोजले. तेवीस भरले.

"एकशे सत्त्याहत्तर शिल्लक हायेत," तो समाधानाने म्हणाला, आणि सही करून दाखल्यासकट लिफाफा बंद केला. अर्जावर नावापुढे 'मेजर' मास्तरांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मास्तर दोन दिवस रुसून होते.

वैशाखात मुलाखतीचं बोलावणं आलं. पाकिटावर 'मेजर उ. सपकाळ' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे डाकवाल्याने ते हातात न देता पाटलांच्या थाळीत ठेवून आणलं.

उकंडा बैलगाडीने मोताळ्याला आणि तिथून मोटारीने मलकापूरला निघाला. लढाईच्या दिवसांपासून पेट्रोल मिळत नव्हतं, मोटार कोळशाच्या गॅसवर चाले, म्हणजे उतार असला की चाले. पहिल्या चढावर ती थांबली. उकंड्याने सगळ्या उतारूंना खाली उतरवून दोन रांगा केल्या आणि "लेफ्ट-राइट" म्हणत मोटार ढकलायला लावली. त्या तालात मोटार इतकी छान चालली की चढ संपून उतार लागला आणि ड्रायव्हर रिकामी गाडी घेऊन पाऊण मैल पुढे गेला. उतारू पायी गेले, पण पाऊल कोणाचंही चुकलं नाही. मलकापूरहून आगगाडी, जलंबला गाडी बदलून खामगाव.

व्यापार शिक्षण मंदिर कापसाच्या एका जुन्या गोदामात होतं. दारांना वाळ्याचे पडदे लावलेले होते. बाहेर आणखी काही उमेदवार बाकावर बसले होते. मेजरसाठी कारकुनाने निराळी गादीची खुर्ची मांडली होती. उकंडा तिच्याशेजारी उभा राहिला.

"मेजर सपकाळ!" आतून हाक आली.

आत टेबलामागे दोघेजण होते. एक शाळेचे प्राचार्य महादेवराव, नागपूरचे, बारीक अंगाचे, अतिशय नीटनेटके. दुसरे किसनराव, कापसाच्या जिनिंग प्रेसचे मालक. गोदाम त्यांनीच शाळेला दिलं होतं, आणि त्यांना खरा शौक होता तो चांगल्या बैलजोड्यांचा. मेजर येणार म्हणून दोघेही उभे राहिले. उकंड्याने असा सलाम ठोकला की टेबलावरचे कागद उडाले. मग साहेब बसल्याशिवाय उकंडा बसेना आणि मेजर बसल्याशिवाय ते दोघे बसेनात, त्यामुळे बराच वेळ तिघेही उभेच राहिले. शेवटी किसनरावांचे गुडघे दुखायला लागले.

महादेवरावांनी आधी निबंध वाचला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आमच्या शाळेत खोटं बोलायला शिकवतात, असं आपल्याला कोणी सांगितलं?"

"शिकवत नाई?" किसनराव म्हणाले. "मंग मी गोदाम काऊन देलं?"

महादेवराव खाकरले आणि त्यांनी दाखला उघडला. त्यांचं इंग्रजी पक्कं होतं. ते पहिल्यांदा वाचताना थांबले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. माणूस लढाईवर जाऊन आलेला, मेजर, त्याचा अपमान होता कामा नये. म्हणून त्यांनी फार सांभाळून विचारलं.

"आपलं वय?"

"एकतीस, साब."

"इथं नऊ आहे."

"ते नोकरीचं हाय, साब. नोकरीबी साडेसा झाली. सरकारनं खुशीनं नऊ लिहेल हाय."

"रंग तपकिरी."

"तो ब्राउन साब, साब. मले कधी भेटला नाई, पन त्याच्या निशाणाखाली होतो म्हंतात."

महादेवरावांनी किसनरावांकडे पाहिलं. किसनराव छताकडे पाहत होते.

"उंची चार फूट चार इंच," महादेवराव म्हणाले आणि समोर बसलेल्या सहा फुटी माणसाकडे पाहून घाईने पुढच्या ओळीवर गेले. "दात मजबूत."

"पाहू बरं," किसनराव म्हणाले. तोंडातून गेलंच त्यांच्या, बैलबाजाराची सवय. "तोंड उघडा."

उकंड्याने तोंड उघडलं. हुकूम तो हुकूम. किसनराव टेबलावरून वाकले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"नऊचा नाई वाटत, साहेब," ते म्हणाले. "तिशीच्या पुढं असंन."

"मागून जवळ गेल्यास लाथ मारतो," महादेवरावांनी वाचलं.

शाळेचा शिपाई त्याच वेळी पाण्याचा तांब्या घेऊन उकंड्याच्या मागे येऊन उभा राहिला होता. तो जागच्या जागी थिजला. मग हलक्या पावलांनी मागे सरकला, दारातून बाहेर गेला, इमारतीला वळसा घालून खिडकीशी आला आणि तिथून त्याने तांब्या आत दिला.

महादेवरावांनी पान उलटलं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात स्वभावाविषयी लिहिलं होतं.

"ब्लँकेट खातो."

उकंड्याने मान वर केली.

"काय म्हनले, साब?"

"ब्लँकेट खातो, असं आहे. वाहतं पाणी ओलांडायला नकार देतो."

"आँ... साब, कोनी म्होरं गानं म्हनत गेलं तर वलांडते?"

"गाण्याचं काही नाही लिहिलं."

"डाव्या कानाले चीर हाय का, पाहा ना साब. खालून वर."

महादेवरावांनी बोट फिरवत शोधलं. "आहे. डाव्या कानाला चीर."

उकंडा उभा राहिला. त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला, जणू जत्रेत हरवलेला भाऊ सापडला असावा.

"साब, हा भुऱ्या हाय! हा माहा भुऱ्या! खच्चर, साब! तीन वर्सं माह्याजोळ होता!"

महादेवरावांनी दाखला पुन्हा वरपासून वाचला, आणि या वेळी प्रत्येक ओळ जागेवर बसली. इटली सोडताना खेचरं तिथल्याच शेतकऱ्यांना देऊन टाकली होती. माणसांचे दाखले आणि जनावरांचे दाखले एकाच टेबलावर, एकाच कारकुनापुढे होते.

"मेजर हे त्या खेचराचं नाव आहे," महादेवराव सावकाश म्हणाले. "कागदोपत्री."

"आमी तर त्याले भुऱ्या म्हनो." उकंडा खाली बसला. त्याला एकदम काहीतरी आठवलं आणि तो घाबरला. "साब, मी नायक, आन् तो मेजर. तीन वर्सं म्या त्याले 'चाल बे' म्हनलं. एक डाव सलाम नाई केला."

किसनरावांनी उपरणं तोंडाला लावलं.

"मग आपला दाखला कुठं आहे?" महादेवरावांनी विचारलं.

"त्याच्याजोळ गेला असंन." उकंडा विचार करत राहिला. आपलं मेजरपण गेलं याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. एक अवघड जोडा पायातून काढल्यासारखं वाटलं. "बरंच झालं, साब. माह्या कागदात निर्व्यसनी, मेहनती असं असंन. त्या शेतकऱ्यानं वाचलं तर भुऱ्याले चांगला ठेवंन."

महादेवरावांना वाईट वाटलं, पण नियम होता. दाखल्याशिवाय अर्ज धरता येत नाही. ते तसं सांगणार इतक्यात किसनरावांनी हात वर केला.

"थांबा साहेब. या गड्याले इकता येते का नाई ते तर पाहू. काय हो, ते खच्चर मले इका."

"ते इथं नाई, साब."

"हाय असं समजा. मी गिऱ्हाईक. खच्चर कसं हाय?"

उकंड्याच्या टाचा जुळल्या. "मागून गेलं का लाथ मारते, साब! ब्लँकेट खाते. माह्ये तीन खाल्ले, कप्तानसाबाचं एक. पान्यात पाय टाकत नाई, म्होरं गानं म्हना लागते. आन् गानं बेसूर असलं तरी टाकत नाई."

"मंग असं खच्चर कोन घेईन?"

"मी घेईन, साब."

"काऊन?"

उकंड्याने टाचा सैल केल्या. "एक दिवस डोंगरात लय धुकं होतं. माह्या मांगं अकरा खच्चरं आन् अकरा गडी. भुऱ्या म्होरं होता. चालता चालता थांबला. म्या ओढलं, शिव्या देल्या, हात जोडले, मांगून ढकलाले गेलो तर लाथ खाल्ली. वरून हुकूम होता का धा वाजता पोचा. मी रडाच्या बेतात आलो, साब. मंग वारा सुटला, धुकं हटलं. तर म्होरं रस्ताच नाई. पूल उडवून देल्ला होता. भुऱ्याच्या खुरापासून दोन हातांवर नुसती दरी." त्याने दोन्ही हातांनी अंतर दाखवलं, मग म्हणाला, "तवापासून तो थांबला का मीबी थांबो. त्याच दिवशी त्यानं माह्यं दुसरं ब्लँकेट खाल्लं."

किसनराव पुढे सरकून बसले होते.

"माही निमाडी जोडी घे," ते म्हणाले, "आन् ते खच्चर दे."

"ते इकाचं नाई, साब."

"जोडीवर टांगा देतो. रबरी चाकाचा."

"किसनराव," महादेवराव म्हणाले.

"तुमी थांबा साहेब! टांगा आन् त्याची घोडी. आता तर देशीन?"

"साब, ते सरकारनं देऊन टाकेल हाय. इटलीत हाय."

"मंग मले इतकं सांगतलं काऊन?" किसनराव ओरडले.

"तुमी इचारलं, साब."

किसनरावांनी तांब्यातलं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. त्यांना खरोखरीच चुकल्यासारखं वाटत होतं, हाताशी आलेलं जनावर कोणी नेल्यासारखं. महादेवरावांनी चष्मा पुसला.

"जे खेचर नाही, आणि असतं तरी ज्यानं लाथच मारली असती," ते म्हणाले, "त्याच्यासाठी तुम्ही घोडीसकट टांगा दिला होता, किसनराव. मी पंचवीस वर्षं शिकवतोय, पण अशी विक्री पाहिली नाही. आणि त्याहून, हाती आलेलं गिऱ्हाईक असं सोडून दिलेलंही पाहिलं नाही. या माणसाला शाळेची फार गरज आहे."

अर्जावर त्यांनी लिहिलं: 'दाखला मागाहून सादर करण्याच्या अटीवर प्रवेश.'

दुसऱ्या दिवशी दुपारी उकंडा रोहिणखेडला पोचला तेव्हा शाळेच्या ओट्यावर निम्मा गाव होता. वामनराव मास्तर धुतलेला कोट घालून मध्ये बसले होते. गोजरबाई बायकांत उभी होती.

"काय मेजरसाहेब," पाटलांनी विचारलं, "काय झालं तिथं?"

उकंड्याच्या टाचा जुळल्या. त्याने तोंड उघडलं. समोर मास्तर होते, उत्सुक, मान थोडी पुढे काढलेले, अठ्ठावीस वर्षं गावाच्या तारा वाचणारे. उकंड्याने तोंड मिटलं. मग लिंबाच्या झाडाकडे पाहत, कान लाल होत, तो म्हणाला,

"भरती झाली. पन मेजरकी गेली. लढाई सरली म्हनून... सरकारनं वापस घेतली. लय जनाइची घेतली."

"देते तर देते आन् वापस घेते!" पाटील भडकले. मग सगळ्यांनी मिळून सरकारला यथेच्छ शिव्या दिल्या. मास्तर सर्वांत जास्त रागावले. विलायतेला अर्ज पाठवू म्हणाले, मसुदा इंग्रजीतून स्वतः करून देतो म्हणाले. उकंड्याने हात जोडून त्यांना थांबवलं.

घरी आल्यावर गोजरबाई म्हणाली, "आता खरं सांगा."

त्याने सगळं सांगितलं. दात दाखवल्याच्या जागी ती हसायला लागली, आणि शिपाई खिडकीशी आला तिथे तिला जात्यावर टेकावं लागलं. हसून झाल्यावर तिने पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं.

"मास्तराले वाचवलं तुमी."

"मले घाम फुटला," उकंडा म्हणाला.

मास्तर मात्र अगदीच अजाण नव्हते. दोन दिवसांनी ते शेताच्या बांधावर एकटे आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग विचारलं, "उकंडराव, ते तेरा हात म्हणजे काय निघालं हो?"

आता दोघांत तिसरं कोणी नव्हतं. उकंड्याने सांगितलं. मास्तर पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत राहिले.

"आणि दात?"

तेही सांगितलं.

"तारा मात्र मी बरोबर वाचतो," मास्तर म्हणाले.

"हाव, मास्तर," उकंडा म्हणाला.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. महादेवरावांनी कंपनीच्या जुन्या कचेरीला दाखल्याबद्दल लिहिलं होतं, त्याचं उत्तर दिवाळीच्या सुमारास आलं. कचेरीच्या नोंदीप्रमाणे नायक उकंडराव सपकाळ, स्वभाव शांत, निर्व्यसनी, हे खोगीर आणि नालांच्या दोन जोड्यांसह इटलीतील एका शेतकऱ्यास देण्यात आले असून त्यांच्यावर आता सरकारचा हक्क नाही. महादेवरावांनी ते पत्र भर वर्गात वाचून दाखवलं आणि मग अर्ध्या तासाची सुटी द्यावी लागली. अट पुरी झाली असं त्यांनी शेऱ्यात लिहिलं, कारण पत्रात स्वभाव शांत आणि निर्व्यसनी असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं.

अभ्यासात उकंडा बेताचा होता. टाइपरायटिंगमध्ये त्याने दोन कळा तोडल्या. विकण्याच्या तासाला तो दर वेळी गिऱ्हाइकाला परत पाठवी. पण वर्ष संपायच्या आतच किसनरावांनी त्याला जिनिंग प्रेसमध्ये नेलं, विकायला नव्हे, घ्यायला. कापसाची गाडी आली की उकंडा तिच्याभोवती एक फेरी मारून खणखणीत आवाजात सगळे दोष सांगे. पहिल्याच आठवड्यात त्याने गाडीवाल्यांना प्रेसच्या काट्याचा दोषही तसाच खणखणीत सांगितला. किसनरावांनी डोकं धरलं, चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, आणि पाचव्या दिवशी काटा दुरुस्त करून घेतला.

गोजरबाई रोहिणखेडलाच राहिली. शेत तिचं होतं आणि ते सोडून ती कुठे जाणार नव्हती. खामगावहून उकंड्याची पत्रं येत, पण ती वाचून घ्यायला मास्तरांकडे जायचं तिने साफ नाकारलं. पाटलांची सून विमलबाई जळगाव जामोदला चौथीपर्यंत शिकलेली होती. गोजरबाई रोज दुपारी तिच्याकडे पाटी घेऊन जाऊ लागली. चार महिन्यांनी तिने स्वतःच्या हाताने पहिलं कार्ड लिहिलं. अक्षरं ढेकळांएवढी होती, त्यामुळे मजकूर थोडका मावला:

'म्हस याली. रेडकू चांगलं हाय. तूर निघाली. तुमी नसलं का घर लय शांत असते. ते काई तितकं चांगलं नाई. शनवारी या.'

उकंड्याने कार्ड दोनदा वाचलं, घडी न करता खिशात ठेवलं आणि किसनरावांकडे जाऊन रजा मागितली. शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनेच तो निघाला.